क्षितिज नसलेले निसर्गचित्र

निसर्गचित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हे ठिकाण कोणते? ठिकाण ओळखीचे निघाले म्हणजे त्याला समाधान वाटते. झाड आंब्याचे की वडाचे हे सांगता आले, पाण्यावरचा उजेड सकाळचा की सायंकाळचा हे कळले, की चित्र समजले असे तो मानतो. यथातथ्य रंगविलेल्या चित्रांच्या बाबतीत या रीतीने काही अंतर चालून जाता येते. परंतु चित्रकाराने निसर्गाचे रूप हेतुपुरस्सर बदलले असेल, झाडाचा केवळ आकार ठेवून बाकीचे गाळले असेल, सावल्या काढून टाकल्या असतील, जवळचे आणि दूरचे एकाच मापाने रेखाटले असेल, तर हा प्रश्न अपुरा पडतो. ठिकाणाचे नाव कळूनही चित्र बंदच राहते.

अशा शैलीबद्ध निसर्गचित्रापुढे गोंधळलेला प्रेक्षक दोहोंपैकी एका टोकाकडे वळतो. एक तर चित्रकाराला नीट काढता येत नाही असा निर्णय तो देऊन टाकतो. नाही तर प्रत्येक आकारामागे काही तरी गूढ प्रतीक दडले आहे असे समजून तो ते शोधू लागतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. चित्राकडे पाहण्याचे काम तेथेच थांबते. ते पुढे चालू राहावे यासाठी एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: चित्रकाराने पाहणाऱ्याला कोठे उभे केले आहे? या प्रश्नाने चित्र कसे उलगडत जाते, हे पाहण्यासाठी शांतिनिकेतनातील एका छताचे उदाहरण घेता येईल.

छतावरचे गाव

इ. स. १९४० मध्ये विनोदबिहारी मुखर्जी यांनी शांतिनिकेतनातील कलाभवनाच्या तेव्हाच्या विद्यार्थी-वसतिगृहात छतावर एक मोठे चित्र रंगविले. शांतिनिकेतन ज्या जिल्ह्यात आहे त्या बीरभूमचा परिसर हा त्याचा विषय. अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ते काढलेले आहे. चित्राच्या मध्यभागी एक तळे आहे आणि त्याच्या चहूंकडे गावाचा पसारा मांडलेला आहे: झाडे, झोपड्या, माणसे, गुरे, पाखरे. या चित्राला क्षितिजरेषा नाही. आकाशासाठी राखून ठेवलेली रिकामी जागाही नाही. तळ्यापासून जे सुरू होते ते सर्व बाजूंनी छताच्या कडांपर्यंत पसरत जाते आणि तेथे थांबते.

खाली उभे राहून वर पाहिले असता काही झाडे सरळ दिसतात, काही आडवी, तर काही उलटी. जागा बदलून पलीकडच्या भिंतीपाशी गेले, की आधी उलटी दिसलेली झाडे सरळ होतात व सरळ होती ती उलटी होतात. चित्राची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे चित्रावरून ठरत नाही. पाहणारा ज्या वेळी जेथे असेल तेथून ते तेवढ्यापुरते ठरते. निसर्गचित्राच्या सर्वसामान्य कल्पनेला हा मोठाच धक्का आहे. परंतु धक्का देणे हा त्याचा हेतू नव्हे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

खिडकी आणि छत

पाहणाऱ्याला एका जागी उभे करून त्याच्या डोळ्यासमोर दृश्य मांडावे, ही कल्पना ज्या शास्त्रावर आधारलेली आहे ते यथार्थदर्शनाचे शास्त्र पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स नगरात सिद्ध झाले. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मधील आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात चित्राच्या चौकटीला उघड्या खिडकीची उपमा दिली. खिडकीशी उभा असलेला माणूस एक. त्याचा डोळा जेथे असेल तेथून सर्व रेषा मोजायच्या. जवळचे मोठे, दूरचे लहान. आणि सर्व रेषा जेथे मिळतात तेथे क्षितिज. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता व मुंबई येथे ज्या कलाशाळा स्थापन झाल्या, त्यांतून हीच रीत भारतीय विद्यार्थ्यांना शिकविली गेली. तिची सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती एक रीत आहे याचाच विसर पडतो आणि डोळ्यांना जग असेच दिसते, असे वाटू लागते.

छतावर चित्र काढतानाही युरोपातील चित्रकारांनी ही खिडकी सोडली नाही. मांतुआ येथील राजवाड्यात आंद्रेआ मान्तेन्या याने १४७४ च्या सुमारास पूर्ण केलेले एक दालन प्रसिद्ध आहे. त्याच्या छताच्या मध्यभागी एक गोल कठडा रंगविला असून त्यावरून स्त्रिया आणि बालके खाली डोकावत आहेत; त्यांच्या मागे निळे आकाश आणि ढग दिसतात. छत फोडून वर मोकळे आभाळ दाखविण्याची ही किमया आहे. मात्र त्या कठड्याच्या नेमके खाली उभे राहिले तरच ती पुरतेपणी साधते. बाजूला सरकले, की आभास ढळू लागतो.

विनोदबिहारींनी याच्या अगदी उलट केले. ज्या छतावर आभाळ अपेक्षित आहे तेथे त्यांनी जमीन आणली. वर पाहणाऱ्याला पाणी दिसते, वाटा दिसतात, घरे दिसतात. छत नाहीसे झाले असा भास निर्माण करण्याचा येथे प्रयत्न नाही. छत हे छतच राहते, सपाट आणि डोक्यावर सर्वत्र सारख्याच उंचीवर. त्यामुळे चित्रातील कोणतीही वस्तू पाहणाऱ्याला विशेष जवळची नाही आणि कोणतीही फार दूरची नाही. जवळ-दूर ठरविण्यासाठी मग दुसरे काही प्रमाण लागते. ते प्रमाण चित्राच्या आतच आहे: तळे. झोपडी तळ्याच्या काठाशी आहे की पलीकडे झाडांत आहे, यावरून तिचे स्थान कळते. सारांश, या चित्रातले मोजमाप पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून घेतलेले नाही. ते तळ्यापासून घेतलेले आहे. या चित्राच्या अर्थाची किल्ली येथे आहे.

तळेच मध्यभागी का?

अशा मांडणीला पूर्वपरंपरा नाही असे नव्हे. प्राचीन ईजिप्तमधील थीब्ज येथील नेबामून याच्या थडग्यातील, इसवी सनापूर्वी सुमारे १३५० या काळातील एक चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात बागेतले चौकोनी तळे वरून पाहावे तसे दाखविले आहे, तर त्यातील मासे, बदके आणि काठावरची झाडे बाजूने पाहावीत तशी. एका अंगाची झाडे तर चक्क आडवी झोपविली आहेत. भारतीय लघुचित्रांतही तळे वरून आणि झाडे समोरून अशी योजना वारंवार आढळते. बंगालमधील अंगणात तांदळाच्या पिठीने काढली जाणारी आल्पना, म्हणजे तेथील रांगोळी, मध्यबिंदूपासून सुरू होऊन चहूंकडे वाढत जाते आणि तिच्याभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती आपल्या बाजूने सरळच दिसते. अजिंठ्याच्या लेण्यांतील छते फुले, फळे व प्राणी यांच्या चौकटींनी भरलेली आहेत. विनोदबिहारींचे गुरू नंदलाल बोस यांनी तरुणपणी अजिंठ्यास जाऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. कलाभवनात भिंती व छते रंगविण्याची जी आवड वाढीस लागली, तिचे एक मूळ तेथवर जाते.

तरीही परंपरेचा दाखला दिल्याने चित्राचा उलगडा पुरा होत नाही. तळे मध्यभागी आहे एवढ्यावरून कोणी त्यात विश्वाचे केंद्र पाहील, कोणी त्यास मंडल म्हणेल. असा अर्थ काढण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण त्याआधी बीरभूमची जमीन पाहिली पाहिजे. हा प्रदेश तांबड्या, मुरमाड मातीचा आहे. पावसाळ्यात पाणी वेगाने वाहून जाते आणि जाताना जमिनीला खोल घळी पाडते. त्या उघड्या, चिरफाळलेल्या माळाला तेथे खोआई म्हणतात. उन्हाळा कडक असतो. अशा ठिकाणी पावसाचे पाणी धरून ठेवणारे खोदीव तळे हा गावाचा आधार असतो. अंघोळ तेथे, भांडी घासणे तेथे, गुरांचे पाणी तेथे, मासे तेथले आणि अडीअडचणीला शेताला पाणीही तेथूनच. घरे आणि झाडे तळ्याच्या आसऱ्याने वाढतात, पायवाटा तळ्याकडे वळतात. गाव तळ्याभोवती असते, ही बीरभूममधील वस्तुस्थिती आहे. चित्रकाराने ती बदलली नाही. क्षितिज आणि आभाळ काढून टाकल्यामुळे ती अधिक उघड झाली एवढेच.

शैलीकरण म्हणजे वास्तवापासून दूर जाणे, असा समज रूढ आहे. या छताकडे पाहता तो तपासून घ्यावा लागतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून खिडकीच्या रीतीने हेच गाव रंगविले असते, तर पुढे एखादे मोठे झाड, मागे झोपड्यांची रांग आणि त्यांच्या आड कोठे तरी पाण्याची एक चकाकणारी पट्टी दिसली असती. दृश्य अचूक झाले असते. पण गाव कशाच्या आधारावर उभे आहे, ही गोष्ट झाडामागे लपून राहिली असती. तसे चित्र वाटसरूचे. हे छत तेथे राहणाऱ्याचे आहे. राहणारा माणूस आपले गाव एका जागेवरून कधीच पाहत नाही. तो त्यातून रोज हिंडतो आणि त्या हिंडण्यातून गावाचा नकाशा त्याच्या मनात तयार होतो.

पावलांनी पाहिलेला प्रदेश

विनोदबिहारी या प्रदेशात राहत होते. त्यांचा जन्म १९०४ मध्ये कलकत्त्यातील बेहाला भागात झाला. एका डोळ्याला दृष्टी नव्हती आणि दुसऱ्याची अतिशय अधू होती. त्यामुळे नेहमीचे शालेय शिक्षण त्यांना नीट घेता आले नाही. १९१७ मध्ये ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातील शाळेत आले आणि १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले तेव्हा तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक होते. १९२५ पासून १९४९ पर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले. म्हणजे छत रंगविण्याच्या वेळी या माळांतून आणि गावांतून त्यांचे सुमारे तेवीस वर्षांचे येणे-जाणे झालेले होते.

या येण्या-जाण्याची साक्ष छताच्याही आधीच्या एका कृतीत मिळते. १९२४ मध्ये, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी शांतिनिकेतनच्या परिसराची एक चित्रगुंडाळी काढली. ती अवघी काही इंच रुंद आणि चाळीस फुटांहून अधिक लांब आहे. चीन व जपानमधील हस्तगुंडाळ्यांप्रमाणे ती हातात धरून थोडी थोडी उलगडत पाहावयाची असते. अशा चित्रातही पाहणारा एका जागी उभा नसतो. तो चित्राबरोबर चालतो. झाडी येते आणि सरते, उघडा माळ येतो, पुन्हा झाडी लागते. गुंडाळी ही एका दिशेने केलेली वाटचाल आहे, तर छत ही चहूंकडे केलेली. दोहोंमध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे आणि १९३७-३८ मधील त्यांचा जपानचा प्रवासही मध्ये येतो. परंतु पाहणाऱ्याला जागचे हलविण्याची इच्छा दोन्हींकडे एकच आहे.

येथे अर्थ लावणाऱ्याने सावध राहणे आवश्यक आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन विनोदबिहारींची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतरही ते शिकवीत राहिले, रेखाटने करीत राहिले, कागद कापून आकृती घडवीत राहिले आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशांचे एक भित्तिचित्र उभे केले. १९४० मध्ये कलाभवनात विद्यार्थी म्हणून दाखल झालेल्या सत्यजित राय यांनी त्याच १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा छोटा माहितीपट काढला. १९८० मध्ये विनोदबिहारींचे निधन झाले. हा जीवनक्रम इतका हेलावून टाकणारा आहे, की छताचे चित्र पाहतानाही तो डोळ्यांसमोर येतो आणि क्षितिजाचा अभाव म्हणजे येऊ घातलेल्या अंधत्वाची चाहूल, असे म्हणण्याचा मोह होतो.

हा मोह टाळला पाहिजे. १९४० मधील चित्रकाराला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि नंतरची घटना आधीच्या चित्रावर लादल्याने ना चित्राला न्याय मिळतो, ना माणसाला. दृष्टी तेव्हाही अधू होती, हे खरे. दूरची क्षितिजरेषा न्याहाळणे त्यांच्या डोळ्यांना सोपे नसावे. जवळ जाऊन, चालून, स्मरणात साठवून पाहणे त्यांना भाग पडले असावे. परंतु एवढ्याने छताचा उगम सांगता येत नाही. अधू दृष्टीचे चित्रकार इतरही झाले. त्यांनी असे छत रंगविले नाही. शरीराची मर्यादा ही कारणांपैकी एक असू शकते. त्या मर्यादेतून कोणती रचना निर्माण करावी, हे मात्र चित्रकारच निवडतो. तळे मध्यभागी ठेवणे, आभाळ वगळणे, छताच्या सपाटीला सपाटच राहू देणे, हे सर्व निर्णय आहेत. त्यांचे मूल्य चित्रात दिसते तेवढेच मानावे. जीवनातील दुःखाच्या उसनवारीवर ते वाढवू नये.

जागेचा अर्थ

हे चित्र वसतिगृहात आहे, ही गोष्ट अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मंदिराच्या किंवा राजवाड्याच्या छताखालून माणूस मान वर करून क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. वसतिगृहातील विद्यार्थी छताखाली निजतो. त्याला हे चित्र पाठीवर पडून, घाई न करता, रोज दिसते. दालनात कोण कोठे अंथरूण टाकील त्यावर त्याच्या वाट्याचे गाव अवलंबून: एकाला झोपड्या सरळ दिसतील, समोरच्याला गुरे. कोणाचीही जागा चुकीची नाही, कारण योग्य जागा अशी एक नाहीच. शिवाय सकाळी उठून हा विद्यार्थी चित्रवही घेऊन बाहेर पडला, की छतावर पाहिलेला प्रदेश त्याच्या पायांखाली असतो. डोक्यावरचे चित्र आणि बाहेरचा माळ यांच्यात दररोज तुलना होत राहते. निसर्गाचा अभ्यास उघड्यावर जाऊन करावा आणि चित्र मात्र स्मरणातून रचावे, ही कलाभवनातील शिकवण या छताने शब्दांवाचून दिली असे म्हणता येईल.

यावरून शैलीबद्ध निसर्गचित्र वाचण्याची एक रीत हाती येते. प्रथम, चित्रकाराने पाहणाऱ्याला कोठे उभे केले आहे ते शोधावे: खिडकीशी, डोंगरमाथ्यावर, गावाच्या मध्यभागी, की कोठेच नाही. दुसरे, काय वगळले आहे ते पाहावे, आणि वगळल्यामुळे कोणती गोष्ट पुढे आली याचा विचार करावा. तिसरे, चित्रातील मापे कशावरून घेतली आहेत ते तपासावे. एवढे झाल्यानंतरच प्रतीकांकडे वळावे. रामकुमार यांनी १९६० मध्ये काशीला जाऊन आल्यावर रंगविलेली चित्रे याच रीतीने पाहता येतात. त्यांत गर्दीने भरलेल्या त्या नगरीतून माणसेच वगळलेली आहेत आणि उरलेली घरे करड्या, तपकिरी रंगांत एकमेकांना बिलगून उभी आहेत. छतावरच्या गावात प्रत्येकाला जागा आहे. या घाटांवर पाहणाऱ्याला पाऊल ठेवायलाही जागा सापडत नाही. दोन्ही चित्रकार निसर्गाचे रूप बदलतात. पण पाहणाऱ्याला उभे करण्याच्या त्यांच्या पद्धती भिन्न असल्यामुळे अनुभवही भिन्न होतो.

शांतिनिकेतनचा समावेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला आहे. तथापि बहुसंख्य वाचकांना हे छत भेटेल ते एखाद्या पुस्तकातील छायाचित्राच्या रूपाने. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुस्तकाच्या पानाला वरची आणि खालची बाजू असते. त्यामुळे छायाचित्र छापताना मुद्रकाला कोणती तरी एक बाजू वर धरावीच लागते, आणि चित्रकाराने जे नाकारले होते ते नकळत परत येते. त्या पानापाशी आल्यावर वाचकाने पुस्तक हातात धरून सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावे. तळे जागच्या जागी राहील आणि गावाचा एकेक भाग पाळीपाळीने सरळ होत जाईल.